पडद्यावरचा ऊस

मोबाइलवर गेम खेळते म्हणून आमच्या पोरीनं बापाच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा आठवडा जात नसे. आणि एके दिवशी तोच बाप पिशवीत दोन कपडे अन् टॉवेल कोंबून तेलगावला निघाला. कशाला, तर गेम खेळायला! पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, कितव्या लेव्हलपर्यंत जायचंय?" आमच्या मालकांनी पायातली चप्पल काढली, पण मारली नाही, स्वतःच हसत सुटले. आता पोरगी बीडला शिकायला असते, घर रिकामं रिकामं असतं. मग दुपारी एकटी बसले की मला ती दोघं दारात उभी दिसतात, आणि मी उगाच हसते.

आम्ही शिरूर कासारकडचे. दिवाळी झाली की आमच्याकडचं निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं. त्या कामात एकटा माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा पुढं ऊस तोडत जातो, बायको मागून त्याच्या मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेते. बायको नसली तर तो माणूस अर्धा कोयता, त्याला टोळीत घ्यायला मुकादम सतरा नखरे करतो. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामापासून आम्ही दोघं असा एक कोयता झालो. पोरगी लहान होती तोवर आमच्यासंगं उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच, राहिली. शाळेत घातली तेव्हापासून ती हंगामभर गावात, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या चुलतीकडं.

आता मला काय पाहिजे होतं ते आधीच सांगून टाकते. मला एक हंगाम घरी राहायचं होतं. बस, एवढंच. पोरगी शाळेतून आली की दारात आपण असावं, तिच्या केसांत तेल घालावं, तिला ताप आला तर फोनवरून 'काढा द्या तिला' असं सांगत बसू नये. सुरुवातीला आम्ही निघालो की पोरगी ट्रॅक्टरमागं पळायची, रडायची. पुढं पुढं तिनं रडणं सोडून दिलं. चुलतीच्या ओट्यावर बसून हात हलवायची, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं. पण हे मी मालकांना कधी बोलले नाही. बोलून करणार काय? मी नाही म्हटलं की ते अर्धे.

अशात कुणीतरी बातमी आणली की तेलगावला एका शेडमध्ये ऊसतोडणीचं मशीन चालवायला शिकवतात. पण मशीन खरं नाही, पडद्यावरचं. खऱ्या मशीनवर शिकाऊ माणूस बसवला तर तो कुणाचा तरी फड नासवून ठेवील, नाहीतर मशीन विहिरीत घालील. म्हणून आधी खुर्ची, दांड्या, पायाखाली पट्ट्या सगळं खऱ्यासारखं, आणि समोर काचेऐवजी टीव्ही. त्यात परीक्षा पास झालं की मग खऱ्या मशीनवर काम. मशीनवर माणूस लागतो एकच. त्याच्यामागं मोळी बांधणारी बाई लागत नाही. हे शेवटचं मी कान देऊन ऐकलं. त्या दिवसापासून मी मालकांच्या मागं जी लागले, ती त्यांनी नाव नोंदवून येईपर्यंत थांबले नाही.

गावानं आमची काय कमी चेष्टा केली? पारावरची माणसं विचारायची, "का रं, या वयात कार्टून बघायला चालला का?" मुकादम तर घरी आला आणि चहा पिऊन म्हणाला, "टीव्हीतला ऊस तोडून कुणाचं पोट भरलंय का? तुमचं जमलं न्हाई तर सांगा, तुमची जागा मी ठिवतो." बोलायला गोड, पण डोळ्यात हसू होतं मेल्याच्या. मी कप उचलून आत निघून गेले.

मालक शेडमध्येच राहायचे. रोज संध्याकाळी फोन यायचा. पहिल्या दिवशी लई खुशीत होते. "अगं, कूलर हाय इथं! ऊस तोडायचा अन् घाम न्हाई!" दुसऱ्या दिवशी जरा कमी बोलले. मग त्याहून कमी. आणि एक दिवस फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मी म्हटलं, "काय झालं वं?" तर म्हणाले, "न्हाई जमत. सगळे पुढं गेले, मी हाय तिथंच हाय. उद्या माघारी येतो. मुकादमाला हो म्हनून सांग."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी येईस्तोवर तिथनं हलायचं न्हाई," म्हणून मी फोन ठेवला. पोरीला चुलतीकडं ठेवलं, भाकऱ्या थापल्या, लाल मिरचीचा ठेचा केला, आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. रस्ताभर मी मनात भांडत होते. कधी मुकादमाशी, कधी यांच्याशी, कधी त्या टीव्हीशी. तेलगावला उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. शेड विचारत विचारत गेले तर रस्त्याच्या कडेच्या एका पोरानं सांगितलं, "ते गेमवालं ना? ते काय पुढं."

आत गार होतं आणि नव्या रेग्झिनचा वास येत होता. आमच्यासारखीच पंधरा-वीस माणसं, पांढऱ्या टोप्या मांडीवर ठेवून, बाकड्यांवर परीक्षेला बसल्यासारखी बसलेली. शिकवणारे सर माजलगावच्या एका गॅरेजवाल्यांचा मुलगा, तरणाताठा, बारीक दाढी ठेवलेला. मला बघून म्हणाला, "या मावशी, बसा." मावशी! माझं वय असं काय झालं होतं? पण त्यानं स्वतःच्या हातानं पाणी आणून दिलं, म्हणून मी काही बोलले नाही. मालक खुर्चीवर बसलेले होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला. सर म्हणाले, "चला काका, घरचं माणूस आलंय, आता तरी करून दाखवा."

पडद्यावर ऊस आला. हिरवागार, सरळ, एका उंचीचा. त्याला ना पाचट, ना अंगाला खाज आणणारी कुसं. मी असला ऊस आयुष्यात बघितला नव्हता. मशीन घरघर करत निघालं, ऊस खालून कापला जाऊ लागला, त्याचे तुकडे होऊन शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत पडू लागले. मला वाटलं, किती छान चालवतात की हे! आणि तेवढ्यात मालकांनी ब्रेक दाबला. मान वळवून मागं बघितलं. मग पुन्हा निघाले. जरा पुढं गेले की पुन्हा ब्रेक, पुन्हा मान मागं. तोवर शेजारची ट्रॉली पुढं निघून गेली, उसाचे तुकडे मातीत पडायला लागले आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. सरांनी कपाळाला हात लावला.

"काका, मागं काय हाय? भिंत हाय मागं! मी बी दोनदा जाऊन बघून आलो, कोण हाय म्हणून." सगळे हसले. पण मला सर नंतर म्हणाले की हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचं हेच होतं. त्यांच्या आधी ट्रॅक्टर ड्रायव्हर शिकून गेलते, त्यातल्या एकानंही मान वळवली नव्हती. ही खोड फक्त ऊसतोडीवाल्यांचीच, आणि ती का लागली असेल ते सरांना काही केल्या समजत नव्हतं.

मला मात्र बघता क्षणी समजलं. फडात पहाटे दाट धुकं पडलेलं असायचं, हाताला हात दिसत नसायचा. हे पुढं सपासप तोडत जायचे आणि मोळीभर ऊस पडला की थांबून मागं बघायचे. "हायेस का?" मी म्हणायचे, "हाय हाय, मरते कुठं!" मी मागं राहिले असले तर हे कोयता घासत उभे राहायचे, नाहीतर परत येऊन एखादी मोळी बांधून द्यायचे. मग पुढं. सगळ्याच जोड्यांचं असं असायचं. इतकी वर्षं हे असं थांबत आलेत, तर टीव्हीसमोर बसवलं म्हणून पाय ऐकणार आहे का त्यांचं?

मला आधी हसू फुटलं. मग इतकं भरून आलं की पदर तोंडाला लावावा लागला. आणि मग राग आला, कारण रागाशिवाय मला काही सुचत नाही. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अवं, मागं कोन हाय तिथं?" मालक खाली बघत बोलले, "तूच की." कुणीच हसलं नाही. एक जण उगाच खोकला.

सर हुशार माणूस. त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि पडद्याच्या कडेला, मालकांच्या समोर नेऊन ठेवली. "मावशी, तुम्ही इथं बसा. आता काकांना मागं बघायचं कामच न्हाई." मी बसले. इतक्या माणसांसमोर, नवरी बसवल्यासारखी. मालकांनी गाडी काढली. ब्रेकवर पाय जाऊ लागला की मी डोळे वटारायचे. एक ओळ पूर्ण झाली, मग दुसरी. मशीन वळलं, ट्रॉली संगं वळली, एक तुकडा खाली पडला नाही. बाकड्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मग सरांना काय वाटलं कुणास ठाऊक, मला म्हणाले, "मावशी, तुम्ही बी बसून बघा." मी नको नको म्हणत बसलेच. बाई गं, त्या दांडीला नुसता हात लावला तर मशीन उधळल्यावाणी सुटलं! ऊस राहिला बाजूला, मी बांध ओलांडला, कुणाच्या तरी कापसात शिरले आणि विजेचा खांब आडवा पाडला. पडद्यावर ठिणग्या उडाल्या. मालक पोट धरून हसत होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच तसे हसले असं सरांनी सांगितलं. त्या खांबावरून मला अजून चिडवतात. परवा गावात लाइट गेली तर म्हणतात, "तू काल कुठं गेलतीस का मशीन घेऊन?"

पण सरांनी जाताना खरं ते सांगितलं. परीक्षेला समोर खुर्ची टाकून कुणाला बसू देणार नाहीत. खऱ्या फडात तर नाहीच नाही. "यांच्या डोक्यातून ते काढा, मावशी. माझ्याच्यानं न्हाई निघत."

आम्ही बाहेर चिंचेखाली चहाच्या गाड्याजवळ बसलो. मी भाकरीचं फडकं सोडलं. मालकांनी घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. म्हणाले, "खरं सांगू का? पास झालो तर तुला घरी टाकून जावं लागंल. एवढ्या सालात कधी गेलो न्हाई मी तुझ्याबिगर. तुला काय वाटंल, कामापुरती होती अन् आता सोडून दिली? ते आलं डोक्यात की पाय आपोआप ब्रेकवर जातो."

हा माणूस माझ्यासाठी नापास होत होता! आणि मी तिकडं गावात देवाला दिवा लावत होते, हे पास व्हावेत म्हणून. इतकी वर्षं एका कोपीत राहिलो, एका ताटात जेवलो, आणि एवढी साधी गोष्ट एकमेकांना बोललो नव्हतो.

मग मी बोलले. एकदाचं बोलून टाकलं. "मला न्हाई यायचं फडात. मला कधीच यायचं नव्हतं. तुमचा कोयता अर्धा व्हू नये म्हनून येत होते. मला पोरीजवळ राहायचंय. तुमी मागं बघायचं अन् मी तिथं नसायचं, हेच पायजे मला. मी घरी हाय, एवढं ध्यानात ठिवा अन् सोडा गाडी सरळ."

त्यांनी घास परत फडक्यावर ठेवला. मला वाटलं, दुखवलं मी यांना. आणि दुखावलेच होते. "कधीच न्हाई?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमच्यासंगं होते ते आवडायचं. ऊस न्हाई आवडायचा." त्यावर ते जरासे हसले, आणि भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. मला एसटीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, आणि शेडकडं निघून गेले.

नंतर सरांकडून समजलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीवर बसले आणि चालू करायच्या आधी एकदाच वळून भिंतीकडं बघितलं. नीट, सावकाश बघितलं. मग पुढं बघून गाडी काढली ती थेट फडाच्या टोकापर्यंत. पुढचे धडेही निघाले. आडवा पडलेला ऊस, पावसातला ऊस, दगडाचं रान. परीक्षेच्या दिवशी फोन आला तेव्हा मी चुलीपुढं होते. मालक म्हणाले, "झालो पास." मी म्हटलं, "लेव्हल कितवी?" आणि दोघंही हसत सुटलो.

दिवाळी झाली. मालक आधी गेले, मशीन कर्नाटकाच्या अंगाला जायचं होतं. मग एका दुपारी टोळीचे ट्रॅक्टर निघाले. माझ्या मैत्रिणी वर बसलेल्या, गाठोडी, कोंबड्या, लेकरं, सगळं नेहमीसारखं. एकीनं ओरडून विचारलं, "येत न्हाईस व्हय गं?" मी हात हलवला. आयुष्यात पहिल्यांदा मी हात हलवणारी होते. खोटं कशाला बोलू, माझा पाय एकदा पुढं पडला होता. ट्रॅक्टर दिसेनासे झाल्यावर गल्लीत कुत्रीसुद्धा गप्प झाली. हंगामात आपलं गाव कसं असतं ते मी लग्नानंतर बघितलंच नव्हतं.

घरी आले, घर सारवल्यावाणी स्वच्छ केलं, आणि धपाटे करायला घेतले. पोरीला धपाटे लई आवडतात, दह्यासंगं. किती वर्षांनी मी तिला शाळेतून आल्या आल्या गरम वाढणार होते. पीठ मळताना मी गाणं म्हणत होते, माझा आवाज मलाच ऐकू येत होता. शाळा सुटली. बाकीच्या पोरी दारावरून गेल्या. आमची आली नाही. वाटलं, खेळत असेल. मग वाटलं, बाईंनी थांबवलं असेल. धपाटे फडक्यात गुंडाळून ठेवले आणि बाहेर आले. आणि एकदम मला समजलं ती कुठं आहे.

मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले. चुलतीच्या घरात तिचं दप्तर खुंटीला लटकत होतं. पोरगी चुलीजवळ मांडी घालून बसली होती, ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी, ती जेवत होती. मला दारात बघून तिचा घास हातातच राहिला. "अगं बाई," ती म्हणाली, "इसरलेच की मी. तू हायेस की घरी!" चुलतीनं जीभ चावली. "मी बी सवयीनं ताट केलं बघ." त्यांचा काय दोष? माझ्याच पोरीच्या पायांना माझ्या घराची वाट माहीत नव्हती. मी म्हटलं, "असू दे, खा तू. खाऊन ये सावकाश."

पण ती उठली. हात धुतला, दप्तर घेतलं आणि माझ्यासंगं आली. घरात शिरल्या शिरल्या तिला वास आला, तिनं फडकं उचलून बघितलं, आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पाटावर बसली. तिचं पोट भरलेलं होतं, मला दिसत होतं. तरी तिनं धपाटा खाल्ला, दह्याची वाटी पुसून खाल्ली, आणि म्हणाली, "आई, अजून एक वाढ."

मी वाढला.